‘लेदर’ला मराठीत काय म्हणायचं? आधी कातड्याचं काय केलं ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1640 च्या दशकातल्या इंग्लंडवरची एक कादंबरी तुम्ही मराठीत आणताय. नायक कातडी कमावणाऱ्याचा मुलगा आहे. पहिल्या तीस पानांतच हाइड, स्किन, फेल, पेल्ट, किप, बफ, शॅमी, व्हेलम, बॅझिल, कॉर्डवेन हे शब्द येऊन गेले आणि कोशात सगळ्यांपुढे ‘कातडे, चामडे’ एवढंच आहे. म्हणून तुम्हाला एक यादी हवी आहे, डावीकडे इंग्रजी शब्द नि उजवीकडे मराठी.

मी सत्तावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते आहे आणि त्यातली बरीच पुस्तकं जुन्या काळावरची होती. अशी यादी मी दोनदा करायला घेतली, दोन्ही वेळा अर्ध्यात सोडली. ती तुमच्या हाती दिली तर तुमचं नुकसानच होईल, कारण ही एकाच वस्तूची दहा नावं नाहीत. ‘हाइड’ आणि ‘किप’ जनावराचा आकार सांगतात. ‘पेल्ट’ कातडं कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगतो. ‘शॅमी’ ते कशानं कमावलं ते सांगतो, ‘कॉर्डवेन’ गाव सांगतो, आणि ‘व्हेलम’ तर कमावलेलं कातडंच नव्हे. तेव्हा प्रत्येक वेळी वाक्यापाशी थांबून बघावं लागतं की लेखकानं हा शब्द कुठली माहिती द्यायला वापरलाय आणि मराठी वाचकाला त्या माहितीचा उपयोग आहे का. नायक रस्त्यानं जाताना एखादी जुनी पिशवी दिसते एवढंच असेल, तर ‘चामड्याची पिशवी’ पुरते. तुमच्या कादंबरीत मात्र बापाचा धंदाच तो आहे, त्यामुळे तुम्हाला इतक्यावर सुटका नाही.

म्हणून आधी धंदा समजून घ्या. शब्द त्याच्या मागोमाग येतात.

जनावर सोललं की कातडं लगेच कुजायला लागतं. मीठ लावून काही दिवस थोपवता येतं, पण थोपवणं म्हणजे टिकवणं नव्हे. इंग्लंडमधला कमावणारा ते आधी पाण्यात भिजवायचा, मग चुन्याच्या हौदात टाकायचा. चुन्यानं केसांची मुळं सैल होतात. मग ते गोल लाकडी तुळईवर पसरून दोन मुठींच्या बोथट सुरीनं एका बाजूचे केस आणि धारदार सुरीनं दुसऱ्या बाजूचं मांस खरवडून काढायचं. पातळ, मऊ चामडं हवं असेल तर त्यानंतर कुत्र्याच्या किंवा कबुतराच्या विष्ठेच्या कोमट पाण्यात बुडवून त्यातला चुना काढायचा, कातडं लुसलुशीत करायचं. आणि शेवटी ओकच्या सालीच्या भुकटीच्या पाण्याचे हौद, आधी पातळ पाण्याचे, मग दाट पाण्याचे. कातडी आणि साल यांचे थर एकावर एक रचून ती महिनोन् महिने तशीच पडू द्यायची. 1604 च्या इंग्रजी कायद्यानं बुटाच्या बाहेरच्या तळव्याच्या चामड्याला निदान 12 महिने आणि वरच्या भागाच्या चामड्याला 9 महिने सालीत राहणं सक्तीचं केलं होतं. तुमचा नायक वाढला तो या कायद्याखाली. बापानं आज हौदात टाकलेलं कातडं पुढच्या वर्षी विकलं जाणार, म्हणजे घरातला पैसा वर्षभर खड्ड्यात अडकलेला. त्या घराची सगळी चिंता या एका गोष्टीतून समजते, म्हणून हे तपशील मी इतके सांगतेय.

सालीत नेमकं काय असतं? आपली जीभ ते ओळखते. हिरडा चावला की तोंडाला जी तुरट ओढ बसते ती टॅनिनची. हा तुरट रस कातड्यातल्या तंतूंना घट्ट धरतो आणि मग ते कुजत नाही. ‘टॅन’ हा शब्दच मुळात कुटलेल्या ओकच्या सालीचं नाव. आपण त्याच कामाला ‘कमावणं’ म्हणतो. गवयाचा आवाज कमावलेला असतो, तालमीतल्या पोराचं अंग कमावलेलं असतं, तसंच कातडंही. इंग्रजी शब्दात झाड आहे, मराठी शब्दात मेहनत आहे. माझ्या मते ‘कमावणं’ हा या सगळ्या विषयातला आपला सगळ्यात मोलाचा शब्द आहे. कृपा करून ‘चर्मसंस्करण’ वगैरे लिहून तो घालवू नका.

आता शब्दांकडे येते.

‘हाइड’ म्हणजे मोठ्या जनावराचं कातडं, गाय, बैल, घोडा. ‘स्किन’ म्हणजे लहान जनावराचं, मेंढी, शेळी, वासरू. ‘किप’ या दोहोंच्या मधलं, लहान चणीच्या गुराचं. मराठीत ही विभागणी शब्दानं होत नाही, जनावराचं नाव घेऊन होते, आणि तेच नैसर्गिक आहे. ‘बैलाचं कातडं’, ‘मेंढीचं कातडं’ लिहा, निम्मं काम झालं. ‘किप’ शब्दाला आपल्याकडचा एक धागा आहे. आपली गुरं युरोपातल्या गुरांपेक्षा चणीनं लहान, म्हणून एकोणिसाव्या शतकात मद्रासकडून विलायतेला जाणारी कमावलेली गाईची कातडी तिथल्या बाजारात ‘ईस्ट इंडिया किप’ म्हणून विकली जात. ती कमावली जायची तरवडाच्या सालीनं. पावसाळ्यानंतर माळरानावर पिवळा धमक फुलतो तोच तरवड. इंग्रजीत त्याला ‘टॅनर्स कॅशिया’, म्हणजे कमावणाऱ्याचा कॅशिया, असंच नाव पडलं. आपला हिरडाही मुंबईहून जहाजांनी विलायतेच्या कमावणाऱ्यांकडे जायचा. पण हे दोनशे वर्षांनंतरचं. तुमच्या 1640 च्या हौदात हिरडा घालू नका, तिथे ओकच हवा.

‘हाइड’बद्दल आणखी एक खबरदारी. जुन्या इंग्लंडात जमिनीचं एक मापही ‘हाइड’ होतं. 1086 च्या डूम्सडे नोंदवहीत जमिनी या मापात मोजल्या आहेत. उच्चार सारखा, पण शब्द वेगळा. एका कुटुंबाच्या पोटापाण्याला पुरेल एवढी जमीन असा त्याचा मूळ अर्थ. ‘पाच हाइड जमीन’ वाचून कुणी कातडी अंथरू नये. तसंच ‘टॅनर’ हे सहा पेन्सच्या नाण्याचं बोलीतलं नाव, पण तेही फार पुढचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्याच शतकातल्या लंडनमध्ये ‘प्युअर’ गोळा करणारे गरीब लोक होते. हे ‘प्युअर’ म्हणजे रस्त्यावरची कुत्र्यांची विष्ठा. ती बादलीनं थेम्सच्या दक्षिणेकडच्या बर्मंडसीतल्या कमावणाऱ्यांना विकली जायची. तिथे आजही टॅनर स्ट्रीट, मोरोक्को स्ट्रीट, लेदरमार्केट स्ट्रीट अशी नावं आहेत. पुढे कधी त्या काळातली कादंबरी हाती आली आणि कुणी ‘प्युअर’ शोधत फिरताना दिसलं, तर ‘शुद्ध’ लिहायच्या आधी हे आठवा.

‘पेल्ट’नं मला एकदा चांगलंच पाडलं आहे. शिकाऱ्याच्या तोंडी ‘पेल्ट’ म्हणजे केसांसकट कातडं, लोकरीचा किंवा फरचा माल. कमावणाऱ्याच्या तोंडी मात्र ‘पेल्ट’ म्हणजे चुन्यातून काढून केस खरवडलेलं, अजून न कमावलेलं, ओलं पांढरं कातडं. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ. माझ्या एका पुस्तकात हौदापाशी टांगलेल्या पेल्टचं मी ‘केसाळ कातडी’ केलं. पुस्तक निघाल्यावर चामड्याच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या एका वाचकानं पत्र पाठवून विचारलं की चुन्यातनं काढल्यावर केस राहिले कसे? पुढच्या आवृत्तीत मी ते दुरुस्त केलं आणि तेव्हापासून असं कुठलंही पान धंद्यातल्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय छापायला देत नाही. तुम्हीही द्यायचं नाही, एवढं मी हट्टानं सांगते.

‘फेल’ हा शब्द फार जुना, केस किंवा लोकर असलेलं कातडं. ‘फेलमंगर’ मेंढ्यांची कातडी घेऊन लोकर एकीकडे नि कातडं दुसरीकडे विकायचा. त्याला ‘कातड्याचा व्यापारी’ म्हणणं अपुरं आहे. ‘लोकर उतरवून कातडी विकणारा’ असं पहिल्यांदा लिहा, पुढे ‘तो मेंढकातडीवाला’ म्हणा.

‘बफ’ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. मूळ शब्द फ्रेंचमधून आलेला, म्हैसवर्गी जनावराचा. पुढे कोणत्याही जाड गुराचं, माशाच्या तेलात मळून मऊ केलेलं, वरचा गुळगुळीत थर खरवडलेलं पिवळट चामडं म्हणजे बफ. तुमच्या कादंबरीतल्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंचे घोडेस्वार याच चामड्याचे कोट घालत. तलवारीचा ओझरता वार त्यावर अडायचा. त्या चामड्याचा रंग म्हणून बफ रंग. आपल्या कचेऱ्यांतली ती फिकट पिवळी पाकिटं बफ रंगाची असतात. त्या चामड्यानं धातू घासून चमकवायचा म्हणून ‘बफिंग’. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या हौशी आग विझवणाऱ्यांचे कोट बफ रंगाचे, त्यावरून आगी बघायला धावणाऱ्या हौशींना ‘बफ’ म्हणू लागले आणि तिथून सिनेमाचे ‘बफ’ आले. एका म्हशीनं केवढा प्रवास केला. तुमच्या वाक्यात ‘म्हशीच्या चामड्याचा कोट’ लिहिलंत तर ते चुकेल, कारण तोवर म्हैस त्या शब्दातून निघून गेली होती. ‘जाड पिवळ्या चामड्याचा कोट’ हेच बरोबर.

‘शॅमी’ हे मुळात आल्प्सच्या डोंगरातल्या शॅमवा नावाच्या हरणासारख्या बकऱ्याचं कातडं. पुढे मेंढीच्या कातड्याचा आतला थर माशाच्या तेलात कमावून तेच नाव दिलं. गाडी पुसायला ‘शॅमी’ म्हणून आज जे मिळतं, ते बहुधा चामडंही नसतं. ‘तेलात कमावलेलं मऊ चामडं’ म्हणा.

‘टॉइंग’ ही आणखी एक वेगळी रीत, साल न वापरता तुरटी, मीठ, पीठ आणि अंड्यातला बलक वापरून कमावण्याची. त्यातून पांढरंशुभ्र, मऊ चामडं निघतं, हातमोज्यांसाठी. हे काम करणारा तो ‘व्हिटॉअर’, म्हणजे पांढरं कमावणारा. शेक्सपिअरचे वडील जॉन हे स्ट्रॅटफर्डमध्ये हातमोजे करणारे आणि पांढरं कमावणारे होते, आणि 1568 मध्ये ते त्या गावचे बेलिफ, म्हणजे नगराध्यक्षासारखे, झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. तुरटीनं कमावलेल्या चामड्यात एक दोष असतो. फार भिजलं की तुरटी धुऊन जाते आणि ते परत कच्च्या कातड्याकडे वळतं. म्हणून अशा मोज्यांचा माणूस पावसात अडकला तर ती साधी घटना नसते.

‘व्हेलम’ आणि ‘पार्चमेंट’ कमावलेले नसतातच. चुन्यातून काढलेलं कातडं चौकटीवर ताणून, खरवडून तसंच वाळवायचं. वासराचं असलं तर व्हेलम. ‘चर्मपत्र’ हा आपला शब्द इथे चोख बसतो. ब्रिटिश पार्लमेंटचे कायदे 2017 पर्यंत व्हेलमवर छापून जपले जात होते. पण हाच ‘व्हेलम’ बँजोवर किंवा ढोलावर चढवलेला असेल, तर चर्मपत्र चालणार नाही. तिथे ‘पान’ म्हणा. पुण्यातल्या ढोलपथकातलं कुठलंही पोर सांगेल, ढोलाला पान असतं आणि तबल्याला पुडी.

‘बॅझिल’साठी कोश उघडलात तर तुळशीच्या जातीची एक वनस्पती सापडेल. पुस्तकबांधणीत मात्र बॅझिल म्हणजे सालीत कमावलेलं मेंढीचं स्वस्त चामडं. हा शब्द अरबीतून, स्पॅनिश नि फ्रेंचच्या वाटेनं आला, मूळ अर्थ अस्तर. वनस्पतीशी त्याचं काही नातं नाही.

‘कॉर्डवेन’ म्हणजे स्पेनमधल्या कॉर्दोबा शहराचं उंची, मऊ, बहुतेक बकऱ्याचं चामडं. त्याचे जोडे करणारा तो ‘कॉर्डवेनर’. लंडनमध्ये कॉर्डवेनर नव्या चामड्याचे नवे जोडे करायचा आणि ‘कॉबलर’ जुने दुरुस्त करायचा. या हद्दीवरून दोघांची भांडणं झाली, वाटण्या झाल्या. तुमच्या पुस्तकात एखादा कॉर्डवेनर कॉबलर म्हटल्यावर चिडत असेल, तर तो चिडायलाच हवा, आणि मराठी वाचकाला ते कळायला हवं. ‘करिअर’ हाही असाच वेगळा कारागीर. कमावलेलं चामडं खरवडून सारख्या जाडीचं करणारा, चरबी नि माशाचं तेल चोळून मऊ करणारा. टॅनरनं करिअरचं काम करायचं नाही आणि चांभारकीही करायची नाही, असा तिथे कायदाच होता. आपल्याकडे एकच माणूस हे सगळं करताना दिसतो, म्हणून वाचक गोंधळतो. अशा जागी एखादं साधं वाक्य जास्तीचं घालावं: ‘बाप कमावून द्यायचा, मऊ करायचं काम दुसऱ्याचं.’

इथवर आलो तर आता मुख्य गोष्टीकडे येते. ‘चांभारकी’ हा शब्द मी वर मुद्दाम एकदा वापरला. वाचताना काय वाटलं?

टॅनरला ‘ढोर’ आणि शूमेकरला ‘चांभार’ लिहिणारी भाषांतरं मी वाचली आहेत. मराठीत ही नुसती धंद्याची नावं नाहीत, जिवंत समाजांची जातीची नावं आहेत, आणि त्यांच्याबरोबर शतकांचा अपमान येतो. ‘चांभारचौकशी’सारखा शब्द आपण किती सहज वापरतो ते बघा. इंग्लंडमध्येही कमावणाऱ्याची वस्ती वासामुळे गावाबाहेर, नदीकाठी असायची, कुणी नाक मुरडत असेलही. पण तो धंदा जन्मानं बांधलेला नव्हता. लंडनच्या जोडे करणाऱ्यांच्या संघाला 1439 मध्ये आणि चामडे विकणाऱ्यांच्या संघाला 1444 मध्ये राजाची सनद मिळाली. कातडं कमावणारे जॉन शेक्सपिअर गावचे प्रमुख झाले. तुमच्या नायकाच्या बापाला तुम्ही जात चिकटवलीत तर कादंबरीतली सगळी माणसं वेगळ्या नजरेनं त्याच्याकडे बघू लागतील, आणि मूळ लेखकानं लिहिलेलं काहीच शिल्लक राहणार नाही. म्हणून कामावरून नाव द्या: कातडी कमावणारा, जोडे करणारा, जोडे दुरुस्त करणारा, खोगीर शिवणारा.

पण या भीतीनं दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ‘चर्मकार’, ‘चर्मशाला’, ‘पादत्राण’ असं संस्कृत लिहिलं की आपण सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. त्यात अन्याय वेगळ्या प्रकारचा आहे. या कामाची मराठी ज्यांनी घडवली त्यांचेच शब्द आपण पुस्तकातून बाहेर काढतो. रापी, आरी, वादी, कमावणं, मुरवणं हे शब्द कुठल्या पंडितानं केले नाहीत. जातीची नावं टाळायची, कामाचे शब्द मात्र मागून, विचारून, सन्मानानं घ्यायचे, असं मी करते.

विचारून म्हणजे कसं ते सांगते. पेल्टवरून चुकल्यानंतर मी कोल्हापूरला एका कारागिराकडे दोन दिवस बसले. तोवर मला कोल्हापुरी चप्पल म्हणजे एक वस्तू वाटायची. त्यांनी ती उलटी करून एकेक भाग दाखवला: तळ, बाजूचे कान, अंगठा, पट्टा, वर वेणी. कुठेही खिळा नाही, शिवण चामड्याच्याच बारीक वादीची. चामडं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं. मी त्यांना विचारलं, नीट कमावलंय हे कळतं कसं? त्यांनी जाड तळाचा एक तुकडा घेतला, रापीनं एका झटक्यात आडवा कापला आणि ताजी कड माझ्यापुढे धरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा तपकिरी रंग. मग कोपऱ्यातनं दुसरा तुकडा काढून कापला. वर नि खाली तपकिरी, आणि मधोमध दोऱ्याएवढी फिकट, कच्ची रेघ. ‘‘ताई, हे मुरलंच नाही,’’ ते म्हणाले. ‘‘वरनं चामडं, आतनं कातडंच.’’

त्या एका वाक्यात मला कातडं आणि चामडं यांतला फरक मिळाला. कातडं जनावराचं, चामडं माणसानं केलेलं. बोलताना आपण दोन्ही एकमेकांच्या जागी वापरतो आणि ते चुकीचंही नाही, पण तुमच्या कादंबरीत हा फरक पाळा. हौदाच्या आधी कातडं, हौदानंतर चामडं. आणि इंग्लंडमधले सरकारी तपासनीस चामड्यावर शिक्का मारण्याआधी जे बघत, ते मुरणंच. तुमच्या सातव्या प्रकरणात शिक्का नाकारला जातो असं तुम्ही लिहिलंय, तिथे ‘नीट टॅन न झालेले’ नको. ‘न मुरलेलं’ लिहा.

आता वस्तूंकडे येते, कारण आपली खरी संपत्ती तिथे आहे. साधारण इसवी सन 1000 च्या आसपास एल्फ्रिक नावाच्या इंग्रज भिक्षूनं मुलांना लॅटिन शिकवायला एक संवाद लिहिला. त्यात शेतकरी, धनगर, कोळी, व्यापारी एकेक करून आपलं काम सांगतात. कुणीतरी त्याच्या ओळींवर त्या काळच्या इंग्रजीत शब्दार्थ लिहिले, आणि ते आपल्यापर्यंत पोचले. त्यात जोडे करणारा म्हणतो, मी कातडी विकत घेतो, माझ्या कसबानं तयार करतो. ‘हाइड’ आणि ‘फेल’ हे दोन्ही शब्द तिथे जुन्या रूपात शेजारी शेजारी आहेत. मग तो काय काय करतो ते सांगतो: पातळ वहाणा, जोडे, चामडी पायमोजे, बाटल्या, लगामाचे पट्टे, घोड्याचा साज, चामडी भांडी, टाचेच्या आरीचे पट्टे, म्होरक्या, पिशव्या, थैल्या. आणि शेवटी अभिमानानं म्हणतो, माझ्या कसबाशिवाय तुमच्यापैकी कुणाचा हिवाळा निभायचा नाही.

ही यादी मी पहिल्यांदा भाषांतरित करायला घेतली तेव्हा ‘चामड्याची बाटली’, ‘चामड्याचा पट्टा’, ‘चामड्याचं भांडं’ असं लिहीत गेले. तिसऱ्या ‘चामड्याच्या’पाशी हात थांबला, कारण मराठीत आपण असं बोलतच नाही. आपण वस्तूचं नाव घेतो आणि चामडं त्यात आपोआप येतं. तुपातेलाचा चामडी बुधला. विहिरीची मोट, तिच्या नाड्यासोलासकट. लोहाराचा भाता. पाणी वाहायची पखाल. बांधायची नि शिवायची वादी. कमरेचा कसा. बैल हाकायचा आसूड. ‘रोग हाल्याला नि इंजेक्शन पखालीला’ ही म्हण आजही राजकारण्यांच्या भाषणात ऐकू येते, पण हाल्या म्हणजे रेडा आणि पखाल म्हणजे त्याच्या पाठीवरची पाण्याची चामडी पिशवी, हे ऐकणाऱ्यांतल्या तरुणांना सांगावं लागतं. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश काढा, 1831 चा किंवा 1857 ची दुसरी आवृत्ती. असल्या वस्तू त्यात इंग्रजीतून नीट समजावून दिल्या आहेत. तो उलटा वाचायचा, इंग्रजी अर्थावरून मराठी शब्दाकडे यायचं. मला त्याचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याच इंग्रजी–मराठी कोशाचा झाला नाही.

अर्थात इथेही तारतम्य हवं. बुधला अरुंद तोंडाचा, म्हणून एल्फ्रिकच्या बाटलीला तो बसतो. पण मोट, पखाल हे शब्द वाचकाला थेट आपल्या गावात नेतात. इंग्रज शेतकरी मोट हाकत नव्हता. त्याच्या विहिरीवर चामडी बादली असेल तर ‘चामडी बादली’च लिहा. ‘वादी’, ‘भाता’, ‘म्होरकी’, ‘कसा’ निर्धास्त वापरा, ते कुठल्याही देशात चालतात.

राहिलं तुम्ही पाठवलेलं वाक्य, बफ कोट घातलेला स्वार ब्लॅक जॅक रिकामा करतो आणि फेलमंगरच्या अंगणावरून कॉर्डवेनरकडे जातो, ते. ‘जॅक’ मोठा फसवा आहे. त्याचा अर्थ चामड्याचा बिनबाह्यांचा कोटही होतो, आणि आतून डांबर लावलेला, दारू प्यायचा चामडी मगही होतो. बाहेरून काळा, म्हणून ब्लॅक जॅक. त्याहून मोठा असला की ‘बाँबार्ड’. सतराव्या शतकातली एक नोंद आहे की इंग्रजांकडे असे मग बघून फ्रेंच लोक मायदेशी सांगत, हे लोक आपल्या बुटातून दारू पितात. तुमच्या स्वारानं तो रिकामा केलाय, म्हणजे इथे मगच. बुधला चालणार नाही, कारण जॅकला रुंद तोंड आणि कान असतो. मी असं लिहीन:

‘जाड पिवळ्या चामड्याचा कोट घातलेल्या त्या स्वारानं डांबर पाजलेला चामडी मग एका दमात संपवला, आणि मेंढ्यांची लोकर उतरवत होते त्या अंगणाच्या कडेनं तो नवे जोडे करणाऱ्याच्या दुकानाकडे निघाला.’

लांब झालं, हे मान्य. पण कॉर्डवेनर, फेलमंगर आणि बफ पहिल्याच पानावर असे उलगडले की पुढे ‘पिवळा कोट’, ‘जॅक’, ‘मेंढकातडीवाला’ एवढ्यानं भागतं. ‘जॅक’ हा शब्द मी पुढे तसाच ठेवीन, कारण वाचकाच्या डोळ्यांसमोर एकदा ती वस्तू उभी राहिली की परका शब्द खटकत नाही. तळटीप मात्र देऊ नका. हौदापाशी उभ्या असलेल्या पोराला वाचकानं सोडून खाली बघायला जावं, असं या कादंबरीत एकही ठिकाण मला दिसत नाही.

सातवं प्रकरण, शिक्क्याचं, झालं की मला पाठवा. आणि मला पाठवण्याआधी तुमच्या गावात कुणी चपला करणारे असतील तर त्यांना ते वाचून दाखवा.